दोन थांबलेल्या चाचण्या

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१३ सप्टेंबर २०२४

अवंतिका,

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. 'प्रिय' लिहायला तोंड नाही, आणि 'चिरंजीव' लिहावं तर माझी धाकटी बहीण आता अठ्ठावन्न वर्षांची झाली.

पत्ता यशराजकडून घेतला. माझा मुलगा दर दिवाळीला आपल्या मावशीला फोन करतो हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवत आले, एवढंच. त्यानं तुझा फोन नंबरही दिला. पण फोनवर तू 'हॅलो' म्हणशील आणि पुढं मी गप्प बसेन, हे मला आत्ताच दिसतंय. लिहायला बरं पडतं. शाळेत चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात आहे, अजून थांबत नाही.

इथं सगळं ठीक. गौरी काल गेल्या. यंदा रांगोळी मी स्वतः खाली बसून घातली. गेली तीन वर्षं मी खुर्चीवर बसून शेजारच्या घरातल्या सुनेला सूचना द्यायची आणि ती बिचारी घालायची. तिची लक्ष्मीची पावलं नेहमी बदकाच्या पायांसारखी येतात. तिनं मला जमिनीवर बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "काकू, उठवायला कुणाला बोलवू?" मी भिंतीला हात लावून आपली आपण उठले.

गुडघ्यांवर उपचार चालू आहेत. एक गुरुवार आड हॉस्पिटलात जाते. त्याचा गुण आला म्हणायचा.

तुझी तब्येत कशी आहे? निवृत्त झालीस असं यशराज म्हणाला. रत्नागिरीची हवा मानवते का?

श्यामला

१५ सप्टेंबर

वरचं पत्र दोन दिवस टेबलावर पडून आहे. पाकिटात घालवेना, कारण त्यात एक गोष्ट खोटी लिहिली आहे, आणि खोट्यानं सुरुवात करायची तर पत्र तरी कशाला लिहायचं.

ते उपचार नाहीत. ती चाचणी आहे. गुडघेदुखीवरची एक नवी गोळी माणसांवर तपासून बघतायत आणि त्या माणसांत मी आहे. जूनपासून. ज्या गोष्टीवरून मी तुला तोडलं, तीच गोष्ट मी स्वतः होऊन करतेय. आणि त्याच हॉस्पिटलात.

यशराजला सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.


शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ नोव्हेंबर २०२४

अवंतिका,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे ते कुणाच्या तरी हातात पडलं, असं धरून पुढं लिहिते.

मी या चाचणीत गेले कशी, ते तुला सांगायला हवं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, मी नको म्हणाले. मग त्यांनी विचारलं, एक नवी गोळी तपासायची चाललीय, माहिती तरी घेता का? खरं सांगू, मी गेले ती भांडायला. माझ्या नवऱ्याला या लोकांनी काय गोड बोलून सही करायला लावली होती, ते मला एकदा समोर बसून ऐकायचं होतं. कुठं खोटं बोलतायत ते पकडायचं होतं.

वर्षाराणी नावाची तिशीतली मुलगी आहे, चाचणीतल्या पेशंटचं सगळं तीच बघते. समोर कॅमेरा लावलेला. तिथं अजून प्रत्येकाच्या संमतीचं चित्रीकरण करतात. तिनं सोळा पानं मला वाचून दाखवली. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते डॉक्टरलाही माहीत नाही, तिलाही नाही. मनात आलं की कधीही सोडून जायचं, कारण सांगायचं नाही. हे तिनं तीनदा सांगितलं. आणि मग म्हणाली, "काकू, आता तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा." मी जन्मभर पोरांना हेच विचारलं. माझ्यातली मास्तरीण खूश झाली. चुकीचं एकही वाक्य पकडता आलं नाही. भांडायला गेलेली बाई सही करून घरी आली.

गुरुवार आता मला आवडायला लागलेत. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, जिना चढून उतरून दाखवायचा, घड्याळ लावून. मग बाकावर बसून बरोबर आणलेलं खायचं. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. नऊवारी, हातात डबा. म्हणाली, "पावणं, गुडघ्यावाल्यांनी हितंच बसायचं न्हवं?" ती बनाबाई. गारगोटीजवळच्या खेड्यातली, घरी चार म्हशी. पहाटेची धार काढून पहिल्या एसटीनं येते. मी विचारलं, "एवढ्या लांबून येता?" तर म्हणाली, "येतो की. पंधरा दिसांतनं एक दीस म्हशींचं त्वांड बघाय लागत न्हाय." तिच्याकडं लसणीची चटणी आणि भाकरी असते, माझ्याकडं पोहे. अदलाबदल होते.

आणि गुडघे खरंच बरे आहेत. परवा रंकाळ्याला अर्धी फेरी मारली.

आता ते दुसरं. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं मी ते कधी सांगितलंच नाही, नुसती ओरडले.

हे दोन हजार चौदाच्या जुलैत एक दिवस बाहेरून घरी आले. हृदय कमजोर झालंय हे कळून वर्ष झालं होतं. चार पावलांवर थांबायला लागायचं. म्हणाले, "एका नव्या गोळीची चाचणी आहे, मी नाव दिलंय. अवंतिकानं सगळे कागद बघितलेत. ती म्हणाली, चांगलं आहे, करा." तू तेव्हा सरकारी दवाखान्यात सिस्टर होतीस. तू बघितलंयस म्हटल्यावर मी एक अक्षर बोलले नाही.

यांनी आठ महिने गोळ्या घेतल्या. मार्चमध्ये एक फोन आला. चाचणी बंद झाली, उद्यापासून गोळ्या घेऊ नका, बाटल्या परत आणून द्या. का बंद झाली ते सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही. फोन ठेवून किती तरी वेळ खिडकीत उभे होते. नोव्हेंबरात गेले.

बाराव्या दिवशी आलेल्या सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणाले, "माझ्या माणसावर प्रयोग करायला तूच धाडलंस. आता या घरात परत येऊ नकोस." तू हातातलं ताट खाली ठेवलंस, चप्पल घातलीस आणि गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. तू बोलली नाहीस, याचाच मी अर्थ लावला की तुझ्याकडं बोलायला काही नाही.

एवढं आज लिहिलं. यातला राग गेलाय का ते मला माहीत नाही. पण मी आता स्वतः ती गोळी गिळतेय, तेव्हा तुला उंबऱ्याबाहेर काढणारी बाई मला जरा कमी ओळखू येते.

श्यामला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२४ जानेवारी २०२५

अवंतिका,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींचं.

"अक्का, दोन्ही पत्रं पोचली. गोळीनं पोट बिघडत असेल तर तिथल्या मुलीला लगेच सांग, लपवू नकोस."

पंचवीस वेळा वाचलं असेल. अगदी तुझंच. आणि वर 'अक्का' लिहिलंस. पोट बिघडत नाही. बिघडणारही नाही, कारण गोळी आता बंद झाली. आमची चाचणी मध्येच थांबली.

काल सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. आम्ही बावीस जण. वर्षाराणीनं प्रत्येकाला स्वतः फोन केला होता. डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं. देशभरात मिळून निम्म्या लोकांची तपासणी पूर्ण झाली की मध्येच एकदा हिशोब तपासायचा, असं आधीच ठरलेलं होतं. तो बाहेरच्या वेगळ्या लोकांनी तपासला. खरी गोळी घेणारे आणि नुसती, औषध नसलेली गोळी घेणारे, दोघांना सारखंच बरं वाटतंय असं निघालं. मग उगाच आणखी शेकडो लोकांना औषध कशाला खाऊ घालायचं, म्हणून थांबवली. कुणाला अपाय झालेला नाही.

पेठ वडगावचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी हात वर केला. "म्हणजे आम्ही नापास का?"

वर्षाराणी म्हणाली, "तुम्ही कसे नापास, सर? गोळी नापास झाली. आणि ते तुम्ही आलात म्हणून कळलं."

बनाबाईचं समाधान होईना. ती उभीच राहिली. "डॉक्टर, मला बरं वाटतंय त्ये मग खोटं हाय व्हय?"

"नाही मावशी, बरं वाटतंय ते खरंच आहे. पण ते या औषधामुळं नाही."

"मग कशानं?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दर पंधरा दिवसांनी आलात, जिने चढलात, घरी सांगितलेला व्यायाम केलात, कुणीतरी तुमची विचारपूस केली. यातलं किती कशामुळं, ते मला नक्की सांगता येणार नाही."

"येत न्हाई म्हणून सांगितलंसा, ब्येस झालं," बनाबाई म्हणाली आणि खाली बसली.

मला वाटलं होतं मी चिडेन. सात महिने नसलेल्या गुणाचं कौतुक केलं म्हणून स्वतःवर तरी चिडेन. पण नाही चिडले. हॉलमधून बाहेर पडताना उलट हलकं वाटत होतं. एक गोष्ट विचारली गेली, तिचं उत्तर आलं, आणि ते आम्हाला बसवून, पाणी देऊन, तोंडावर सांगितलं गेलं. बाकावर आलो तर बनाबाई डबा उघडत म्हणाली, "आता गुरवारी काय करायचं?" मी म्हणाले, गोळी बंद झाली, एसटी कुठं बंद झालीय? तेव्हा गुरुवार चालूच राहणार. रंकाळ्याची फेरी आणि मग माझ्याकडं जेवण.

पण डबा खाताना मला सारखा तो मार्चमधला फोन आठवत होता. तेही असंच कुणीतरी समोर बसवून सांगितलं असतं तर? मी परत आत गेले आणि वर्षाराणीला विचारलं, "चौदा साली माझे मिस्टर इथल्याच एका चाचणीत होते. तीही मध्येच थांबली होती. का थांबली, ते आता कळेल का?"

तिनं नाव लिहून घेतलं. म्हणाली, हृदयविभागाचे जुने कागद गोदामात असतात, पंधरा वर्षं ठेवावेच लागतात. तुम्ही पत्नी आहात, एथिक्स कमिटीकडं अर्ज करा. चाचण्यांवर लक्ष ठेवणारी, माणसांच्या बाजूनं बघणारी ती कमिटी असते म्हणे. आणि मग म्हणाली, "काकू, त्या काळात चित्रीकरण सक्तीचं होतं, म्हणजे त्यांच्या संमतीचंही असेल."

मला हे सुचलंच नव्हतं. मी अर्ज तिथंच बसून लिहून दिला. अक्षर फार बरं आलं नाही.

तुझी
अक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२१ मार्च २०२५

अवू,

हे पत्र तू बसून वाच.

काल मला कमिटीनं बोलावलं. एक लहान खोली, संगणक, डॉक्टर धैर्यशील म्हणून कमिटीचे एक सभासद आणि त्यांच्याबरोबर वकील असलेल्या एक बाई. त्यांनी सांगितलं, चित्रीकरण एकदाच बघायला मिळेल, प्रत देता येणार नाही. मी म्हणाले, बरं.

पडद्यावर हे दिसले. निळा चौकड्यांचा शर्ट. तो मी नंतर भांडीवालीला दिला. दम लागू नये म्हणून खुर्चीच्या हाताला धरून बसलेले. नाव विचारल्यावर "गणपतराव रामचंद्र सरनाईक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त क्लार्क, वय साठ," असं ऑफिसात सांगावं तसं सांगितलं. पहिली पाच मिनिटं मी काही ऐकलंच नाही, अवू. नुसता आवाज येत होता आणि मी तो आवाज ऐकत होते.

मग चित्रीकरणातल्या डॉक्टरांनी यांना विचारलं, "तुम्हाला चाचणीत का यायचंय?"

हे म्हणाले, "फुटबॉलची मॅच बघायला स्टेडियमवर जातो. गॅलरीच्या पायऱ्या चढवत न्हाईत. पोरं उचलून न्यायला बघत्यात, ते मला आवडत न्हाई."

"घरी कुणाशी बोललात?"

"मेव्हणी नर्स आहे. तिला कागद दाखवले."

"काय म्हणाल्या?"

"नको म्हणाली. दाजी, चालू औषधं वेळेवर घ्या, मीठ कमी करा, हा उद्योग नको. बरंच बोलली. भांडलीच म्हणा."

"मग?"

"मग काय, तिच्या जागी ती बरोबर हाय. पण दम मला लागतोय. माझं मी ठरवलंय."

"आणि पत्नी?"

इथं हे हसले. तसंच, एका बाजूनं. म्हणाले, "तिला सांगणार, अवंतिका हो म्हणाली म्हणून. न्हाईतर ती सही करू द्यायची न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "तसं नका करू. घरी खरं सांगा."

"बघतो," म्हणाले. आणि सही केली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्या वकीलबाईंना म्हणाले, मला शेवटचं परत दाखवा. एकदाच दाखवायचा नियम होता. त्यांनी डॉक्टर धैर्यशीलांकडं बघितलं, ते उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. बाईंनी परत लावलं. तेच शब्द होते.

नंतर डॉक्टर धैर्यशीलांनी सांगितलं की ती चाचणी औषधात दोष निघाला म्हणून थांबली नव्हती. कंपनीनं ते औषध पुढं न्यायचंच नाही असं ठरवलं, म्हणून जगभर एका दिवसात बंद केली. पेशंटना असं फोनवर दोन वाक्यांत सांगायला नको होतं, हेही ते म्हणाले. आणि मग विचारलं, "सरनाईकांच्या बाटलीत खरं औषध होतं की नुसती गोळी, तेही नोंदलेलं आहे. सांगू का? नको असेल तर राहू दे."

मी बाहेर जाऊन पाणी प्याले. परत येऊन म्हणाले, सांगा.

नुसती गोळी होती, अवू. आठ महिने यांनी जुनीच औषधं घेतली आणि वर ती नुसती गोळी. त्या चाचणीनं त्यांना काही दिलं नाही आणि बंद झाली तेव्हा त्यांचं काही काढूनही घेतलं नाही. ते गेले ते त्यांच्या दुखण्यानं. हे तुला लगेच कळायला हवं म्हणून आजच लिहितेय. कारण आपण थांबवायला कमी पडलो का, त्या गोळीनं दाजींना काही झालं का, हा विचार तूही नऊ वर्षं केला असशील. मी तुला तेवढं ओळखते. ओळखत होते. तरी वागले ती तशी.

आणि त्या आठ महिन्यांत ते गॅलरी चढले होते. तुला माहीत आहे? तीन मॅच बघितल्या. घरी येऊन मला गोल कसा झाला ते वाट्या मांडून दाखवायचे. ती गोळीची करामत नव्हती, तर मग ती त्यांचीच होती. मला काल घरी येताना रिक्षात त्याचा एकदम आनंद झाला. रडूही आलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि रेडिओ बारीक केला.

त्यांच्यावर रागावले का? हो, संध्याकाळभर. फोटोपुढं उभी राहून बरंच बोलले. पण तो माणूस खोटं बोलताना असा हसायचा की राग पुरा व्हायचा नाही, तुला माहीत आहे.

तू 'नको' म्हणाली होतीस. भांडली होतीस. आणि बाराव्याच्या दिवशी, चाळीस माणसांसमोर, मी तुला वाटेल ते बोलत असताना, "अक्का, मी नाही म्हटलं होतं" हे एक वाक्य तू बोलली असतीस तर सगळं तिथंच संपलं असतं. तू का बोलली नाहीस?

माझं चुकलं. मी न विचारता ठरवलं, न विचारता बोलले, आणि नऊ वर्षं विचारलं नाही. मला क्षमा कर असं लिहून टाकणं सोपं आहे. मला ते तुझ्यासमोर म्हणायचंय. ये म्हणालीस तर येते. गुडघे आंबा घाट ओलांडण्याइतके चांगले आहेत.

तुझी
अक्का


शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ मे २०२५

प्रिय अवू,

काल संध्याकाळी नीट पोचले. तू दिलेली आमसुलं आणि लोणचं फुटलं-सांडलं नाही. यशराजला फोन करून सगळं सांगितलं. मावशीशी तो नऊ वर्षं गुपचूप बोलत होता, आता उघड बोलायला लागणार म्हणून म्हणतो, "आई, त्यातली मजा गेली."

सहा दिवस तुझ्याकडं राहिले आणि मुद्द्याचं असं आपण एकदाच बोललो. पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर मी काहीतरी म्हणायच्या आधीच तू म्हणालीस, "आधी डावा पाय खाली टाक, पायरी उंच आहे." मग पिशवी घेतलीस आणि बाजारभाव सांगत चालायला लागलीस. मी दोनदा विषय काढला, तू दोनदा मला कोलंबी सोलायला बसवलंस. मला वाटलं तुला ऐकायचं नाही. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना, माझ्याकडं न बघता, तूच म्हणालीस, "दाजींनी मला हात जोडून सांगितलं होतं, घरी तुझं नाव घेतलंय, सांभाळून घे. ते असताना सांगितलं असतं तर तुमचं भांडण झालं असतं. ते गेल्यावर सांगितलं असतं तर तू त्यांच्यावर रागावली असतीस, आणि समजूत काढायला ते कुठं होते? माझ्यावर रागावलीस तर मी निदान होते."

मी नुसते चिमटे देत राहिले. क्षमा मागायची म्हणून चार तास एसटीत वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी त्या वाक्यापुढं फिकी वाटली. तेव्हा इथं लिहिते आणि तू आता कोलंबी पुढं करू शकत नाहीस. माझं चुकलं, अवू. तू होतीस, हे माझं नशीब.

आता इकडची बातमी. आज गुरुवार नसतानाही हॉस्पिटलात जाऊन आले. आमच्या चाचणीत कुणाला कुठली गोळी होती, त्याची बंद पाकिटं उघडली. मला खरी गोळी होती. बनाबाईला नुसती. तिला फोनवर सांगितलं तर आधी बराच वेळ हसली. म्हणाली, "तुमची खरी, माझी नुसती, आन दोघीबी सारख्याच टुणटुणीत. डॉक्टर बोललं त्येच झालं की." मग म्हणाली, "तुमची भन कशी हाय? भेटलासा न्हवं? बोलली का?" बोलली म्हणाले. "मग झालं. आता तिला हिकडं आणा. म्हस व्यालीया, खरवस करतो." तेव्हा तुला गारगोटीचंही आमंत्रण आहे.

दुसरी बातमी अशी. वर्षाराणीनं मला एक कागद दिलाय. नवी चाचणी सुरू होतेय. गोळी-औषध काही नाही. निम्म्यांना फिजिओथेरपीवाले आठवड्यातून दोनदा समोर उभं राहून व्यायाम करवून घेणार, निम्म्यांना नुसतं व्यायामाचं पुस्तक देणार, आणि गुडघ्यांना काय फरक पडतो ते वर्षभर बघणार. ही पण मध्येच थांबू शकते, हे तिनं पहिल्याच पानावर बोट ठेवून सांगितलं. थांबली तर समोर बसवून कारण सांगू, हेही आता त्या कागदात छापलंय. मी विचारलं, हे कधी घातलं? म्हणाली, तुमच्या अर्जानंतर कमिटीनं घालायला लावलं.

बारा पानं आहेत. मी दोनदा वाचली. मला जावंसं वाटतंय. पण सही केलेली नाही. शेवटच्या पानावर एक ओळ आहे, 'घरातील कोणाशी चर्चा केली?' तिथं मी तुझं नाव आणि फोन नंबर लिहिलाय आणि पुढची जागा मोकळी ठेवलीय. सगळ्या पानांची झेरॉक्स या पाकिटात घातली आहे. चष्मा लावून सावकाश वाच. जे पटणार नाही त्याच्याखाली रेघ मार. वर्षाराणीला फोन करून हवं ते विचार, तिला मी सांगून ठेवलंय की माझी बहीण सिस्टर होती आणि ती सोडणार नाही.

तू 'नको' म्हणालीस, तर मी जाणार नाही. आणि 'हो' म्हणालीस, तर या वेळी ते तूच म्हटलेलं असेल.

तुझी
अक्का